विल्फ कॉटमने बसवलेलं इंजिन

शनिवार, १४ ऑक्टोबर १९९५. सकाळपासून भुरभुर पाऊस. गेड साडेआठला क्रेन घेऊन आला. इंजिन पावणेअकराला गॅरेजमध्ये टांगलं. अकरा वीसला दोघांना चहाला बोलावलं, कालची बटाट्या-कांद्याची पाई गरम केली. विल्फने दोन तुकडे खाल्ले. पावणेतीनला इंजिन जागेवर बसलं. विल्फ खूष. संध्याकाळी त्याने आज वार कोणता असं विचारलं. दोनदा.

शेवटचा शब्द लिहावा की नाही, म्हणून मोनिका कॉटमचं पेन जरा घुटमळलं होतं. ती चौदा वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी भांडी पुसून झाली की वही उघडायची. प्रेस्टनच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टनी ही सवय लावली होती, आणि सोबत एक नियमही घालून दिला होता: झालं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, वाटलेलं देवाला न लिहिताही समजतं. त्यामुळे पन्नासाहून जास्त वह्यांमध्ये पाऊस होता, पाहुणे होते, आजारपणं होती, तिन्ही मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा होत्या, पण हुंदका एकही नव्हता. विल्फने वार दोनदा विचारला हे झालेलं होतं. म्हणून तिने ते लिहिलं.

विल्फ चौदाव्या वर्षी लॉरीच्या कारखान्यात लागला आणि एकोणसाठाव्या वर्षी बाहेर पडला. फिटर म्हणून चिकटला आणि शेवटची वीस वर्षं नव्या पोरांना फिटरकाम शिकवत राहिला. त्याच्या हाताखालून गेलेली माणसं अजून बाजारात भेटली की हातातली पिशवी खाली ठेवून बोलत. काम झालं की ट्रे रिकामा दिसला पाहिजे, हा त्याचा दंडक. ट्रेमध्ये एक वॉशर जरी उरला तरी तो सगळं उतरवायला लावी. "उरलेलं म्हणजे विसरलेलं," म्हणे, आणि पोरगं कितीही रडकुंडीला आलं तरी ऐकत नसे.

कारखान्यातला त्याचा विभाग बंद झाला, त्या वर्षी त्याने ती गाडी मागवली. गाडी म्हणजे सहा खोकी आणि एक सांगाडा. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सगळं एका मोडीत निघालेल्या मोटारीतून काढून आपलं आपण जुळवायचं. दोन हिवाळे तो गॅरेजमध्ये होता. तिसऱ्या वसंतात गाडी बाहेर आली: हिरवी, दोघांपुरती, छप्पर नसलेली, आणि इतकी बुटकी की शेजारच्या मिसेस रिग्बी म्हणाल्या, "मोनिका, ह्या टबात बसायचं की झोपायचं?" पण त्याच टबातून दर उन्हाळ्यात, रविवारची प्रार्थना झाली की, ती दोघं ग्लासन डॉकला जात. मोनिका डोक्याला रुमाल घट्ट बांधून, विल्फ टोपी उलटी घालून. धक्क्यावर बसून कागदातली कोळंबी खायची आणि भरती पाहून परत यायचं. दहा वर्षं हे चाललं.

मग गेल्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि इंजिन फुटलं. थंडीआधी पाण्यात ते निळं औषध घालायला विल्फ विसरला होता. आतलं पाणी गोठलं, फुगलं आणि लोखंडाला बोटभर तडा गेला. विल्फ त्या तड्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ उभा होता. "राहिलं माझ्याकडून," एवढंच म्हणाला.

त्या एका राहण्याने मोनिकाला काही वाटलं नसतं. पण त्यानंतर बरंच काही राहायला लागलं. मार्चमध्ये तो घरच्या मोटारीने बाजारात गेला आणि बसने परत आला, मोटार तिथेच. मेमध्ये गार्स्टांगच्या चौकात त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "इथून कुठं?" त्या चौकातून तो हजार वेळा गेला असेल. जूनमध्ये त्याने मोनिकाला दिवसभर नोरा म्हणून हाक मारली. नोरा त्याची बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झालेली. मोनिका वहीत लिहीत गेली. सप्टेंबरात तिने मागची पानं चाळली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन इस्पितळात तपासणीची वेळ घेतली. १९ ऑक्टोबर, गुरुवार, सव्वादहा.

विल्फला हे सांगितलं तेव्हा तो बूट घालत होता. त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मला वेड लागलंय म्हणतेस."

"तसं कोण म्हणालं?"

"मग तिथं काय करणार ते? पंतप्रधानाचं नाव विचारणार? मला नकोच आहे तो लक्षात."

"विल्फ."

"हे बघ मोना, माझ्या डोक्याची परीक्षा घ्यायची ना? मी घेतो. इंजिन बसवतो. मी एकट्याने, म्हणजे गेड नुसता उचलायला. बसलं, चाललं, तर तू त्या डॉक्टरला चिठ्ठी लिहायचीस, येत नाही म्हणून. नाही बसलं तर मी येतो, नाव विचारा नाहीतर गाव विचारा."

"आणि शब्द फिरवायचा नाही."

"तूही नाही फिरवायचास."

तिने मान हलवली. तिच्या बाजूने त्यात लबाडी नव्हती. इंजिन नीट बसावं असं तिलाच सगळ्यात जास्त वाटत होतं. त्या महिन्यात रोज सकाळी मेणबत्ती लावताना तिने दुसरं काही मागितलं नाही.

इंजिन शोधून दिलं गेड सिंगलटनने. गेड कारखान्यातला विल्फचा जुना जोडीदार, विधुर, तोंडाचा फटकळ. चॉर्लीजवळच्या मोडीच्या वखारीत त्याला तेच मॉडेल मिळालं, चाळीसच हजार मैल चाललेलं. एक गोष्ट मात्र वेगळी होती. ज्या गाडीतून ते काढलं होतं ती ऑटोमॅटिक होती.

"त्याने काय होतं?" मोनिकाने विचारलं होतं, कारण विल्फला समजावून सांगायला आवडे, आणि हल्ली तो समजावत असला की तिला बरं वाटे.

"इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स बसतो ना, त्याच्या दांड्याचं टोक इंजिनात शिरतं. ते टेकायला तिथं एक बुश असतं. ऑटोमॅटिकला तो दांडाच नसतो, म्हणून बुशही घातलेलं नसतं. भोक रिकामं. आपल्या गाडीला हाताचे गिअर, म्हणजे बुश आपण घालायचं. ह्यात फसतात लोक."

"तू नाही फसायचास," गेड म्हणाला. "तू तर जन्मल्यावर नर्सचंही काही राहिलं का ते तपासलं असशील."

बुश म्हणजे पितळी रंगाचं एक नळकांडं, शिवणाच्या अंगुस्तानाएवढं. विल्फने ते शुक्रवारी तेलात बुडवून ठेवलं, मोनिकाच्या अंड्याच्या कपात. तेल आत मुरलं पाहिजे, मगच बसवायचं. मोनिकाने कपाबद्दल कुरकुर केली, पण मनातून तिला हायसं वाटलं. हे सगळं त्याच्या लक्षात होतं.

शनिवारी त्याच्याकडून कुठेच काही चुकलं नाही. ती खिडकीतून पाहत होती. गॅरेजचं दार वर, आत पिवळा दिवा, साखळीला लोंबकळणारं इंजिन आणि त्याच्या मागच्या अंगाला उभा विल्फ. हात थांबत नव्हते. गेडने क्लचप्लेट मधोमध धरायचा दांडा पुढे केला तर विल्फने तो बाजूला सारला.

"दांडा शिकाऊ पोरांना. मी डोळ्याने जुळवतो."

"काय तोरा! सत्तरी उलटली तरी डोळे शाबूत?"

"तुझं थोबाड अजून दिसतंय, म्हणजे दुर्दैवाने शाबूतच."

आणि खरोखरच इंजिन पहिल्या झटक्यात गिअरबॉक्सवर सरकलं. गेडने टाळ्या वाजवल्या. विल्फने ट्रे उचलून मोनिकाला दाखवला. रिकामा.

रविवारी कामाला सुट्टी. सोमवारी धुणं.

विल्फचा निळा डगला भिजत घालण्याआधी तिने सवयीप्रमाणे खिसे उलटे केले. एक पेन्सिल, एक टॉफी, एक तेलकट चिंधी. चिंधी जड लागली. उलगडली तर आत बुश.

ती न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली. बाहेर गॅरेजमध्ये विल्फ इंजिनात तेल ओतत शीळ घालत होता. आधी तिला वाटलं, त्याने दोन आणली असतील. पण अंड्याच्या कपात एकच होतं, तिने स्वतः पाहिलं होतं. मग तिने वही आणून शनिवारची नोंद काढली. पावणेअकराला इंजिन टांगलं. अकरा वीसला दोघांना चहाला बोलावलं. म्हणजे तिने दारातून हाक मारली तेव्हा तो इंजिनाच्या मागच्या टोकाशी होता. बुश हातात असणार. पाई गार होईल म्हणून तिने दोनदा हाक मारली होती. त्याने ते चिंधीत गुंडाळून खिशात टाकलं, आणि परत आल्यावर पुढच्या कामाला लागला.

म्हणजे डोक्याचा दोष नाही, चहाचा दोष. असं कुणाचंही होऊ शकतं. तिने हे स्वतःला तीन-चारदा सांगितलं आणि बुश ॲप्रनच्या खिशात ठेवलं. संध्याकाळी लिहिलं: विल्फच्या डगल्यात बुश सापडलं. त्यापुढे आणखी एक वाक्य हवं होतं, त्याला सांगितलं किंवा सांगितलं नाही. पण तिने वही मिटली.

मंगळवारी दुपारी इंजिन सुरू झालं. एक खोकला, दुसरा खोकला, मग भरभरीत एकसारखा आवाज, आणि गॅरेजभर निळसर धूर. विल्फने दोन्ही हात वर केले. गेड म्हणाला, "आता दाराबाहेर काढ रे, नाहीतर दोघंही गुदमरून मरू आणि लोक म्हणतील, बघा, किती प्रेम होतं!" विल्फ हसून हसून स्टिअरिंगवर वाकला. मोनिकाने त्याला असं हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग त्याने मान वर केली, तिच्याकडे बोट केलं आणि हवेत लिहिल्यासारखं केलं. चिठ्ठी.

गेड निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत गेली आणि तळहात उघडून दाखवला.

गेडने ते नुसतं पाहिलं, हात लावला नाही. "कुठं होतं?"

"खिशात."

"अरे देवा." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मी शेजारी उभा होतो, मोनिका. मलाही नाही सुचलं."

"लगेच बिघडेल का काही?"

"लगेच नाही. चालेल मजेत. महिना, दोन महिने. मग गिअरबॉक्स खाईल." त्याने घराच्या दाराकडे एक नजर टाकली. "असं कर. शनिवारी त्याला घेऊन लेकीकडे जा, बर्नाडेटकडे, कार्लाइलला. रात्री राहा. मी कुणाला तरी घेऊन इंजिन उतरवतो, हे घालतो, परत चढवतो. बोल्टांवर त्याच्या खुणाही तशाच ठेवतो. त्याला आयुष्यात कळणार नाही."

"आणि गुरुवार?"

गेडला गुरुवारचं माहीत नव्हतं. तिने थोडक्यात सांगितलं. ऐकून त्याने फाटकाची कडी उघडली, लावली, उघडली.

"मग मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "पण मी त्याच्या जागी असतो ना, तर मला नकोच असतं कळायला."

संध्याकाळी मोनिका टेबलाशी चिठ्ठी लिहायला बसली. महाशय, माझे पती विल्फ्रेड कॉटम यांची तपासणी रद्द करावी, कारण. ह्या 'कारण'पाशी ती अर्धा तास बसून राहिली. शब्द दिला होता. इंजिन बसलं होतं, चाललंही होतं. विल्फ बैठकीत टीव्हीसमोर झोपला होता, तोंड उघडं, नखांत तेल, चेहऱ्यावर अजून तेच समाधान. गेडचं ऐकलं तर हे समाधान राहणार होतं. गार्स्टांगचा चौकही राहणार होता, आणि एखाद्या दिवशी चौकात तो गाडी कडेला घेणार नाही, मधेच थांबवेल. तिने कागद चार तुकडे करून शेगडीत टाकला.

बुधवारी सकाळी ऊन पडलं. विल्फ नऊ वाजताच टोपी उलटी घालून गाडीत जाऊन बसला होता. ग्लासनला जायचं होतं. इंजिन सुरू, दार वर.

"रुमाल कुठाय तुझा? डोक्याला बांध, वारा आहे."

"विल्फ, जरा बंद कर."

"काय?"

"इंजिन. बंद कर."

त्याने किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली. तिने हात पुढे केला.

"हे काय आहे?" तिने विचारलं. घरातून निघताना तिने वेगळंच बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून हेच आलं.

विल्फने ते चिमटीत धरून उजेडाकडे केलं. त्याचा आवाज कारखान्यातला झाला. "बुश. इंजिनाच्या मागच्या टोकाला बसतं. गिअरबॉक्सचा दांडा ह्याच्यात टेकतो. तेल चांगलं मुरलंय ह्यात. का गं?"

"घालायचं राहिलं तर?"

"राहिलं तर आधी काही कळत नाही. गाडी चालते. म्हणून तर वाईट. दांडा आत मोकळा थरथरत राहतो, मग पुढचं बेअरिंग जातं, मग सगळा गिअरबॉक्स. मी पोरांना सांगायचो, क्लच जुळवताना जुळणीचा दांडा वापरा, त्याचं टोक बुशातच टेकतं, बुश नसेल तर तो लगेच लटपटतो, तोच सांगतो तुम्हाला. डोळ्याने जुळवलं तर..."

तो थांबला.

रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली. विल्फने बुश तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली.

"कुठं सापडलं?"

"डगल्याच्या खिशात. धुण्यात."

"म्हणजे सोमवारी."

"हो."

"आज बुधवार आहे." ह्या वेळी त्याला वार बरोबर ठाऊक होता. "काल मी नाचत होतो, तेव्हा हे तुझ्याकडे होतं."

तिने मान डोलावली.

"गेडला माहीत आहे?"

"काल सांगितलं."

हे त्याला जास्त लागलं. तो मान खाली घालून स्टिअरिंगच्या मधल्या गोलावर बोट फिरवत राहिला. मोनिका गाडीच्या कडेशी वाकली.

"माझी चूक आहे, विल्फ. मी हाक मारली तेव्हा ते तुझ्या हातात होतं. वहीत वेळ आहे, अकरा वीस. मी दोनदा ओरडले. तू ते खिशात टाकलंस आणि आलास. कुणाचंही..."

"मोना, पंचेचाळीस वर्षं मला कोणी ना कोणी चहाला हाक मारत आलंय," तो म्हणाला. "भोंगा व्हायचा, हातातलं टाकून जायचो. परत आल्यावर हात आपोआप तिथंच जायचा. आपोआप." त्याने उजवा हात पुढे करून पाहिला, जणू दुसऱ्या कुणाचा. "आता तो तिथं गेला नाही. चहाचं काही नाही त्यात."

"एकदाच झालंय."

"एकदा नाही झालेलं. तू लिहून ठेवलं असशील किती वेळा ते." तिने मान वळवली. "वाचून नको दाखवूस," तो म्हणाला.

मग तो गाडीतून उतरला. बुटक्या गाडीतून उतरणं त्याला नेहमीच जड जाई. आज त्याने तिच्या खांद्याचा आधार घेतला, आधी कधी घेतला नव्हता. त्याने पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पुसले, मापाप्रमाणे फळीवर लावले. बुश पांढऱ्या कागदावर ठेवून त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलं: गेड, हे आधी. दांडा वापर. अक्षर अजून सुरेख होतं.

"तू घाल ना," मोनिका म्हणाली. "शनिवारी गेडला बोलावू. पुन्हा उतरवा. मी चहाला हाक मारणार नाही."

"नाही." त्याने दार खाली ओढलं. अंधारलेल्या गॅरेजमध्ये क्षणभर दोघंच. "मी घालीन आणि दुसरं काहीतरी काढून ठेवीन. मग ते तू कुठं शोधत बसणार? उद्या किती वाजता आहे तो डॉक्टर?"

"सव्वादहा."

"बसने जाऊ. गाडी चालवताना मला बोलायला जमत नाही, आणि बोलायचं बरंच आहे." मग थोड्या वेळाने, "पंतप्रधान कोण आहे गं सध्या?"

तिने सांगितलं. त्याने मान हलवली, ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

दुपारभर तो बैठकीत बसून होता. टीव्ही लावला नाही. चार वाजता मिसेस रिग्बी कुंपणावरून ओरडल्या, "टब वाजला म्हणे काल! आता कुठं फिरायला?" मोनिका म्हणाली, बघू, पुढच्या आठवड्यात. जेवायला तिने मटणाचा हॉटपॉट केला होता, वर बटाट्याचे काप लावून भाजलेला. त्याने निम्मा खाल्ला आणि निम्मा बाजूला सारला. भांडी पुसून झाल्यावर तिने वही उघडली. विल्फला बुशबद्दल सांगितलं, तो उद्या डॉक्टरकडे येणार, एवढं लिहून ती थांबली. खाली ओळ सोडून तिने लिहिलं:

विल्फने उन्हाळ्यात दुरुस्त केलेला स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकतो आहे. खाली बादली ठेवली.